वरच्या मजल्यावरचा वॉर्ड उन्हाळ्यात राहण्याजोगा कसा करायचा

विदर्भ आणि खानदेशातल्या बहुतेक ग्रामीण, उपजिल्हा आणि छोट्या खासगी रुग्णालयांचा सांगाडा सारखाच असतो: आरसीसीची चौकट, साडेदहा-अकरा फुटांवर स्लॅब, दोन्ही बाजूंना खिडक्या आणि वर उघडी गच्ची. एप्रिल-मेमध्ये यातला सर्वांत वरचा वॉर्ड संध्याकाळी तापलेल्या तव्याखाली असल्यासारखा होतो. धडधाकट माणूस उठून सावलीत जातो, पाणी पितो, अंगावर ओला पंचा टाकतो. पाय प्लास्टरमध्ये असलेला, सलाइन लावलेला किंवा कालच सिझेरियन झालेला माणूस यातले काहीच करू शकत नाही. म्हणून त्याच्या वाटची सोय इमारतीने आणि कर्मचाऱ्यांनी आधीच करून ठेवायला हवी.

हा लेख वैद्यकीय अधिकारी, इन्चार्ज सिस्टर आणि देखभाल पाहणारे इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, ३.३ मीटर उंच, २० खाटांचा वॉर्ड धरला आहे. त्याचे क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर, म्हणजे साधारण ९०० चौरस फूट, आणि घनफळ सुमारे २७७ घनमीटर होते. तुमची मापे घालून हेच गणित पुन्हा करा.

एक निर्णय मात्र खर्चाशिवाय घेता येतो आणि तो सर्वांत आधी घ्यावा. वरच्या मजल्यावर कोणाला ठेवायचे? अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर एका रुग्णालयाने सर्वांत वरच्या मजल्यावरचा प्रसूती वॉर्ड खाली हलवला आणि उष्णतेमुळे दाखल कराव्या लागणाऱ्या नवजात बालकांचे प्रमाण घटले. प्रसूतीनंतरच्या माता, नवजात बाळे, वृद्ध, मनोरुग्ण आणि भाजलेले रुग्ण वरच्या मजल्यावर नकोत. कार्यालय, रेकॉर्ड रूम, सभागृह वर जाऊ द्या. औषधांचे भांडार मात्र वर नेऊ नका, औषधांनाही उष्णता सोसत नाही.

आधी मोजा, आणि खाटेपाशी मोजा

वॉर्डातले तापमापक बहुधा सिस्टरांच्या टेबलामागे, डोक्याच्या उंचीवर, पंख्याच्या वाऱ्यात टांगलेले असते. रुग्ण असतो जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर, भिंतीला लागून. दोन्ही ठिकाणचे आकडे वेगळे येतात.

माणसाला उकाडा जाणवतो तो सहा गोष्टींमुळे: हवेचे तापमान, आजूबाजूच्या पृष्ठभागांची धग, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. साधे तापमापक यातली एकच गोष्ट सांगते. धग मोजायला काळ्या गोळ्याचा तापमापक लागतो आणि तो घरच्या घरी बनतो. ४० मिलिमीटरचा टेबल-टेनिसचा चेंडू घ्या, त्याला चकाकी नसलेला काळा रंग द्या, बारीक छिद्रातून डिजिटल तापमापकाचा संवेदक आत मधोमध येईल असा सरकवा आणि छिद्र बुजवा. शेजारी तसाच दुसरा तापमापक उघडा ठेवा. पंखा बंद करून १५ मिनिटांनी दोन्ही आकडे लिहा. पंखा चालू असेल तर गोळा हवेच्या तापमानाकडे झुकतो आणि धग लपते. गोळा हवेपेक्षा २ अंशांहून जास्त दाखवत असेल तर खरा दोषी छत किंवा भिंत आहे. हवा थंड करायला यंत्रे आणून तो दोष जात नाही.

सकाळी ६, दुपारी १२, सायंकाळी ५ आणि रात्री १० अशा चार वेळा, सलग तीन दिवस, निदान तीन खाटांवर नोंद करा: मधली खाट, पश्चिमेच्या भिंतीची खाट आणि दारापासून सर्वांत लांबची खाट. स्लॅबच्या खालच्या बाजूचे तापमान इन्फ्रारेड गनने मोजा. कोविडकाळात घेतलेली कपाळावर धरायची गन इथे चालत नाही. ती शरीराच्या तापमानापुरती मर्यादित असते आणि त्याच्या पुढे नुसती सूचना दाखवते. कारखान्यात वापरतात ती गन इलेक्ट्रिशियनकडे मिळते.

आकडा किती असावा? लहान बाळे आणि साठीच्या पुढच्या माणसांसाठी खोली दिवसा ३२ अंशांच्या आत आणि रात्री २४ च्या आत ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मे महिन्यात जिथे पहाटेही हवा २८-३० अंशांवर असते तिथे रात्रीचे २४ एसीशिवाय होत नाहीत. पण दिवसाचे ३२ हे लक्ष्य बिनाएसीच्या वॉर्डातही गाठण्यासारखे आहे. भारतातल्या कार्यालयांचा अभ्यास करून २०१४ मध्ये मांडलेले सूत्रही जवळपास तिथेच येते: बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणा आणि १२.८३ मिळवा. बाहेरची महिन्याची सरासरी ३५ असेल तर उत्तर ३१.७ येते. मात्र ते कामावर बसलेल्या निरोगी माणसांवरून काढलेले आहे. ज्वरात पडलेल्या माणसासाठी ३२ ही शेवटची रेषा समजा.

पहिला खर्च गच्चीवर

दुपारी तापलेल्या स्लॅबमधून उष्णता खाली उतरायला तीन-चार तास लागतात. म्हणून वॉर्ड दुपारी बारापेक्षा संध्याकाळी पाच-सहाला जास्त तापतो आणि बाहेर वारा गार झाला तरी आत मध्यरात्रीपर्यंत धग राहते. रुग्णाला झोप लागत नाही ती याच वेळी. गच्ची पांढरी केली की ऊन स्लॅबमध्ये शिरण्याआधीच परत जाते. इतक्या कमी पैशात इतका फरक पाडणारे दुसरे काम नाही, आणि तरीही बहुतेक ठिकाणी आधी कूलरची मागणी जाते.

सर्वांत स्वस्त उपाय चुना. काम फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात करा. गच्चीवरचे भंगार, तुटक्या खाटा, जुने फ्लेक्स खाली उतरवा. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून धुवा. भेगा भरा, पन्हळींची तोंडे मोकळी करा आणि पाणी कुठे साचते ते बादलीभर पाणी ओतून पाहा. चुना रात्रभर भिजवा, सकाळी कापडातून गाळा, चिकटपणासाठी त्यात रंगकामाचा फेव्हिकॉल मिसळा. आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर लावून दुसऱ्या दिवशी बोट घासून पाहा. पांढरी भुकटी बोटाला भरभरून लागली तर चिकट कमी पडला आहे. स्लॅब ओला करून पहिला हात आडवा मारा, वाळल्यावर दुसरा उभा. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर लावलेला चुना पाणी उडाल्यामुळे पकड न घेता पापुद्रे सोडतो, त्यामुळे काम सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी करा. मजुरांना चष्मा आणि हातमोजे द्याच. डोळ्यात गेलेला चुना बुबुळ जाळतो.

चुना पहिल्या पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो आणि दरवर्षी लावावा लागतो. तीन-चार वर्षे टिकणारे काम हवे असेल तर उष्णता परावर्तित करणारा पांढरा ॲक्रिलिक रंग वापरा. दोन हातांत एका लिटरमध्ये २० ते २५ चौरस फूट धरले तर आपल्या वॉर्डाला ३६ ते ४५ लिटर लागतील. पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे चायना मोझॅक सर्वांत टिकाऊ, शिवाय गळतीही थांबवते, पण त्याचे वजन स्लॅबला झेपेल का हे बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून लेखी घ्या. कोणताही पांढरा थर धुळीने मळला की निकामी होऊ लागतो. दर फेब्रुवारीत गच्ची धुणे हा त्याच कामाचा भाग आहे, आणि निविदा काढताना तो लिहून ठेवला नाही तर कोणी करत नाही.

सौर पॅनेल बसवायचेच असतील तर उंच सांगाड्यावर, खालून वारा खेळेल असे बसवा, म्हणजे सावलीही मिळते. हिरवी शेडनेट गच्चीपासून सहा-सात फुटांवर बांधता येते, पण मेच्या अखेरची वादळे ती उपटून वीजवाहिन्यांवर टाकतात. लोखंडी सांगाडा पक्का नसेल तर बांधू नका. गच्चीवर पोती पसरून पाणी मारण्याने फरक पडतो, पण टँकरवर चालणाऱ्या गावात तो मार्ग घेऊ नये. वॉर्डात खालून फॉल्स सीलिंग लावणे टाळा. धग थोडी अडते, पण पंखे खाली येतात, वर उंदीर आणि धूळ साचते आणि आग लागली तर धूर व वितळलेले तुकडे खाटांवर पडतात.

गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाक्याही पाहा. दुपारी तीनला वॉर्डातल्या नळाला हात लावला तर चटका बसेल इतके पाणी तापलेले असते, आणि त्याच पाण्याने रुग्णाचे अंग पुसायचे असते. टाकीला पांढरा रंग द्या किंवा वर पत्र्याची सावली करा.

पश्चिमेची बाजू

पडदे ऊन आत आल्यावर अडवतात, तोवर उष्णता खोलीत आलेली असते. सावली काचेच्या बाहेर हवी. छज्जा छोटा असेल तर पश्चिमेच्या खिडक्यांबाहेर बांबूचे चिक किंवा ७५ टक्के सावली देणारी शेडनेट चौकटीवर ताणून, भिंतीपासून फूटभर अंतर सोडून लावा. अंतर सोडले नाही तर जाळी तापून भिंतीलाच चिकटलेली शेगडी होते. कडुनिंब किंवा करंज लावायला जागा असेल तर आजच लावा, पाच वर्षांनी उपयोगी पडतील.

वारा: कधी उघडायचे, कधी बंद करायचे

रात्री नऊ-दहानंतर दोन्ही बाजूंच्या खिडक्या आणि वरचे झरोके उघडून स्लॅबची उष्णता बाहेर जाऊ द्या. सकाळी नऊच्या सुमारास, बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम होऊ लागली की उन्हाकडच्या खिडक्या बंद करा. हे काम ठरलेल्या माणसाच्या नावावर ड्युटी चार्टमध्ये लिहा. डासांच्या जाळ्या धुळीने भरल्या असतील तर वारा निम्म्यावर येतो, म्हणून त्या पंधरा दिवसांनी ब्रशने झाडा.

पण सगळे कधीही बंद करता येत नाही. यंत्राविना, नुसत्या खिडक्यांतून हवा खेळणाऱ्या सर्वसाधारण वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २००९ चे मार्गदर्शन सांगते. २० रुग्णांना सेकंदाला १२०० लिटर, म्हणजे १.२ घनमीटर. समोरासमोरच्या खिडक्यांतून मिळणारी हवा काढायला लहान बाजूचे उघडे क्षेत्रफळ, वाऱ्याचा वेग आणि ०.६५ यांचा गुणाकार करा. वारा सेकंदाला अर्धा मीटर असेल तर १.२ भागिले ०.३२५, म्हणजे सुमारे ३.७ चौरस मीटर उघडी जागा दोन्ही बाजूंना लागते. सरकत्या काचेच्या खिडकीची निम्मीच जागा उघडते, हे मोजताना विसरू नका.

पंख्यांची रचना बहुतेक वॉर्डांत चुकलेली असते. छताचे पंखे मधल्या वाटेवर टांगलेले आणि खाटा भिंतीकडेला, त्यामुळे वारा रिकाम्या वाटेला लागतो. दोन खाटांमध्ये एक भिंतीवरचा ४०० मिलिमीटरचा पंखा हा स्वस्त आणि खरा उपाय आहे. अंगावर सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाचा वारा आला तर साधारण ३ अंशांइतका गारवा जाणवतो. छताचा पंखा मंद झाला असेल तर नवीन मागण्याआधी त्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलून पाहा. तो कमकुवत होणे हेच मंद पंख्याचे नेहमीचे कारण.

आतली हवा ४० अंशांच्या वर गेली तर नुसता पंखा शरीर गार करत नाही, उलट तापवतो. तिथे ओल्या कापडाने अंग पुसणे आणि रुग्णाला खालच्या मजल्यावर नेणे हाच मार्ग.

कूलर

कोरड्या विदर्भात कूलर उत्तम चालतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्याच्या तापमापकावर, म्हणजे पाणी उडून हवा जास्तीत जास्त किती गार होईल ते दाखवणाऱ्या तापमापकावर, साडेबावीसच्या आसपास येते, आणि चांगल्या पॅडचा कूलर २७ अंशांची हवा देतो. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर दोन-अडीच अंशांपलीकडे काही करत नाही, नुसती ओल भरतो. कोकण आणि गोव्यात एप्रिलमध्येही असेच घडते. तिथे कूलर घेऊ नका, पंखे आणि आरपार वारा यांवर खर्च करा.

आपल्या वॉर्डासाठी तासाला २५ वेळा हवा बदलायची धरली तर २७७ गुणिले २५, सुमारे ६,९०० घनमीटर हवा लागते. एक अजस्र कूलर घेण्यापेक्षा तासाला साडेतीन हजार घनमीटर हवा देणारे दोन घ्या, म्हणजे एक बंद पडला तरी वॉर्ड उघडा पडत नाही. कूलर खिडकीबाहेर, सावलीत बसवा. जवळ शौचालय, जैविक कचऱ्याची खोली किंवा जनरेटरचा धूर नको, कारण तो जे ओढेल तेच रुग्ण श्वासात घेतील.

सर्वांत मोठी चूक म्हणजे कूलर लावून समोरच्या खिडक्या बंद करणे. आत ढकललेली हवा बाहेर गेली नाही तर आर्द्रता चढते, चादरी चिकट होतात आणि लोक म्हणतात की कूलर बिघडला. समोरच्या बाजूला निदान सव्वा चौरस मीटर झरोके उघडे ठेवा.

पाण्याचा हिशेब आधी करा. एवढी हवा १७ अंशांनी थंड करायला तासाला सुमारे ५० लिटर पाणी उडून जाते. क्षार साचू नयेत म्हणून थोडे पाणी सतत सोडावे लागते. दहा तासांना ६०० लिटर धरा. ही तरतूद नसेल तर दुपारी दोनला पंप कोरडा फिरून जळतो. पॅडवर पांढरा थर जमला की हवा अडते. हनीकोम पॅड महिन्याला उलट दिशेने पाण्याने धुवा, वाळ्याच्या ताट्या हंगामाच्या सुरुवातीला नव्या घाला.

दर आठवड्याला एक दिवस टाकी रिकामी करून आतल्या कडा ब्रशने घासा आणि कोरडी होऊ द्या. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडीही जगतात, नुसते पाणी बदलून ती जात नाहीत. अतिदक्षता कक्ष, ओटी (ऑपरेशन थिएटर), भाजलेल्यांचा कक्ष आणि केमोथेरपीच्या खोल्यांत कूलर अजिबात नको. ओल्या पॅडमधली बुरशी आणि साचल्या पाण्यातले जंतू तिथे जीवघेणे ठरतात.

पत्र्याच्या कूलरला विजेचा धक्का बसून दर उन्हाळ्यात माणसे मरतात. प्रत्येक कूलरला तीन पिनचा प्लग, तपासलेले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हवा. पाणी भरताना प्लग काढून ठेवायचा, नुसते बटण बंद करणे पुरत नाही. ही सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत कूलरवरच लिहा, कारण पाणी बहुतेकदा नातेवाईक किंवा मावशी भरतात. नवे कूलर आणि एसी जोडण्याआधी वॉर्डाच्या वायरिंगवर किती भार येतो ते विद्युत अभियंत्याकडून तपासून घ्या. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या आगीत १० नवजात बालके गेली. रुग्णालयातली वायरिंग हा पुढे ढकलायचा विषय नाही.

एसी लावायचाच असेल तर

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. खिडक्या बंद केल्या की २० माणसांचा श्वास तिथेच घोटाळतो. कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर ठेवा. आकडा १००० पीपीएमच्या पुढे गेला की हवा अपुरी आहे. तासाला निदान दोनदा हवा बदलायची तर ५५४ घनमीटर बाहेर काढावी लागते, त्याला २५० मिलिमीटरचा एक एक्झॉस्ट पुरतो, पण समोरून हवा आत यायला वाट ठेवा. क्षयरोगाच्या वॉर्डात हे पुरत नाही, तिथे स्प्लिट एसी लावूच नका. तापमान २५-२६ वर ठेवून पंखा मंद चालवा. १८ वर ठेवलेला एसी झडपेसमोरच्या खाटेला गोठवतो आणि कोपऱ्यातल्या खाटेपर्यंत पोचतही नाही.

ज्यांचा हिशेब वेगळा

नवजात बाळाला गारवा नको. प्रसूतीची खोली २५ ते २८ अंश असावी आणि वाऱ्याचा झोत बाळावर येऊ नये. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ च्या दरम्यान हवे. मे महिन्यात उलट चूक होते: ४० अंशांच्या वॉर्डात बाळ दुपट्यांत गुंडाळून टोपी-मोजे घातलेले असते. काखेत ३७.५ च्या वर आले तर डॉक्टरांना कळवा, जादा कपडे काढा, स्तनपान द्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा.

लघवीची, काही मानसिक आजारांची आणि बीटा-ब्लॉकर गटातली औषधे घेणाऱ्यांचे शरीर उष्णतेला नीट तोंड देत नाही. अशा रुग्णांच्या केसपेपरवर उन्हाळ्यात खूण करा आणि त्यांना स्लॅबखालच्या पश्चिमेच्या खाटा देऊ नका. औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचे नाही.

ओटीत स्प्लिट किंवा खिडकीचा एसी चालत नाही. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या निकषांनुसार तिथे २१ अंश, तीन अंश इकडेतिकडे, आर्द्रता २० ते ६० टक्के आणि तासाला २० वेळा हवाबदल लागतो. गाऊन घातलेले सर्जन घामाघूम होतात म्हणून खोलीचे तापमान खाली खाली नेले जाते, तेव्हा भूल दिलेल्या रुग्णाचे शरीर ३६ च्या खाली घसरते, रक्तस्राव आणि जखमेचा संसर्ग वाढतो. खोलीऐवजी रुग्ण उबदार ठेवा: गरम हवेचे ब्लँकेट, आणि ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाइन द्यायचे असेल तर ते ३७ अंशांपर्यंत गरम करून.

खाट, चादर, पाणी

रेक्झिनच्या गादीवर घाम मुरत नाही, पाठ भिजत राहते आणि पुरळ व शय्याव्रण होतात. रेक्झिनवर जाड सुती चादर दुहेरी घाला, उन्हाळ्यात ती दिवसातून दोनदा बदलण्याइतका साठा मार्चमध्येच मागवा. सिंथेटिक ब्लँकेट कपाटात जाऊ द्या. ज्याला पाणी पिण्यावर बंधन नाही अशा प्रत्येक खाटेशेजारी भरलेला तांब्या असावा, आणि ज्याला उठता येत नाही त्याला दर दोन तासांनी पाणी पाजल्याची नोंद नर्सिंग चार्टवर करा. माठ व्हरांड्यात नातेवाइकांच्या हाताशी ठेवा. बाह्यरुग्ण विभागाची रांग उन्हात जात असेल तर तिथे सावली हवी, नाहीतर रांगेतलाच माणूस उष्माघात कक्षात येतो.

धुलाई, निर्जंतुकीकरण आणि स्वयंपाकघर इथले कर्मचारी दिवसभर वाफेत उभे असतात. तिथे वाफेच्या अगदी वर एक्झॉस्ट बसवा आणि दुपारच्या पाळीत माणसे बदलत ठेवा.

जूनमध्ये काय बदलायचे

मृगाच्या सरी सुरू झाल्या की दुपारची आर्द्रता पाहा. ती ५०-६० टक्क्यांच्या पुढे जाऊ लागली की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. आठवडाभर तसेच राहिले तर टाकी रिकामी करा, पॅड उन्हात वाळवून झाकून ठेवा, पंप काढून सुकवा आणि मोटारीवर कापड बांधा. पश्चिमेची शेडनेट उतरवा. गच्चीच्या पन्हळी पुन्हा तपासा, कारण चुन्याचे सुटलेले पापुद्रे पहिल्या पावसात तिथेच अडकतात. वॉर्डाच्या नोंदवहीत मेमधले सायंकाळी पाचचे आकडे वेगळे काढून ठेवा. पुढच्या जानेवारीत निधीची मागणी करताना अर्जाला तीच पाने जोडायची आहेत.